‘प्रोजेक्शन’ला भाकीत म्हणावं का? आणि ‘अनसर्टन्टी’ला?

(गोव्यातल्या तिघांचं बोलणं; नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत.)

डिचोली: वास्कोतल्या सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात मुलांना न्यायचंय. त्याआधी शाळेत ध्रुवीय तापमानवाढीवर मराठी भित्तिपत्रक लावतेय. ‘क्लायमेट प्रोजेक्शन’ला कुठे ‘भाकीत’ दिसतं, कुठे ‘प्रक्षेपण’. आणि ‘अनिश्चितता’ लिहिलं की मुलं विचारतात, म्हणजे शास्त्रज्ञांना ठाऊकच नाही?

म्हापसा: ‘प्रक्षेपण’ रॉकेटचं, नाहीतर क्रिकेटच्या सामन्याचं. ‘प्रक्षेप’ म्हणाल तर पोथीत मागाहून घुसडलेल्या ओव्या. सरळ ‘अंदाज’ लिहा की.

वास्को: ‘अंदाज’ म्हटलं की वेधशाळा आठवते, उद्या पाऊस, आणि तो खरा की खोटा हे उद्याच कळतं. प्रोजेक्शनच्या आधी ‘जर’ असतो. हरितगृह वायूंचं उत्सर्जन अमुक वाटेने गेलं, तर शतकाअखेर आर्क्टिक इतकं तापेल. मी ‘सशर्त अंदाज’ लिहितो. ‘भाकीत’ ज्योतिषाला राहू दे.

अनिश्चितता मात्र एका जातीची नाही. माणसं पुढे किती वायू सोडतील हे एक, हवामानाचे स्वतःचे चढउतार हे दुसरं, आणि हवामानाचं गणित संगणकावर मांडणारी मॉडेलं आपापसांत जुळत नाहीत हे तिसरं. ध्रुवाकडे हे तिसरं फार छळतं, ढगांमुळे. तिथल्या ढगांत शून्याखालीही पाण्याचे थेंब न गोठता राहतात. थेंब किती आणि हिमकण किती, यावर ढग ऊन किती परतवणार आणि खालची उष्णता किती अडवणार हे ठरतं, आणि हे प्रमाण मॉडेलागणिक बदलतं. बर्फ जाऊन काळं पाणी उघडं पडलं की ऊन जास्त शोषलं जातं, यावर सगळ्यांचं एकमत. किती, तिथे फाटे फुटतात. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं, असं २०२२ च्या एका अभ्यासात आलं. बहुतेक मॉडेलांत हे गुणोत्तर त्याहून कमी येतं. तेव्हा ‘ठाऊक नाही’ म्हणजे ‘काही होणार नाही’ असं मुलांनी धरू नये.

म्हापसा: मग इतक्यापासून इतक्यापर्यंत असे आकडे येतील तिथे, ‘रेंज’ला, ‘पल्ला’?

वास्को: चालेल. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल, याचा आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरील समितीच्या, २०२१ च्या अहवालातला पल्ला २.५ ते ४ अंश सेल्सिअस, ‘बहुधा’ (‘लाइकली’) या शेऱ्यासह. हा ‘बहुधा’ही मोजून दिलेला असतो, शक्यता शंभरात निदान ६६. त्याचं ‘कदाचित’ करू नका, एवढी विनंती.

डिचोली: ‘सशर्त अंदाज’, ‘पल्ला’, ‘बहुधा’ घेते. ‘अनिश्चितता’ही ठेवते, पण खाली तिन्ही कारणं देऊन. मॉडेलला ‘प्रारूप’ करणार नाही, आमच्याकडे तो शब्द ऐकला की लोक प्रादेशिक आराखड्यावर हरकती घ्यायला निघतात.