मदत हवी आहे: झोप पूर्ण होऊनही दिवसभर थकवा

नमस्कार. मी कोथरूडला राहते, नोकरी हिंजवडीत. रात्री ७ तास झोप होते, तरी दुपारी तीननंतर अंगात त्राणच उरत नाही. घरी आल्यावर लेकीचा अभ्यास घेणंही होत नाही, याचं फार वाईट वाटतं.

हिमोग्लोबिन १२.४ आलं, म्हणजे ठीक. पण डॉक्टर म्हणाल्या, ते बरं असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. म्हणून फेरिटिन (त्यावरून लोहाचा साठा कळतो) आणि बी १२ जीवनसत्त्व तपासायला दिलंय. आम्ही शाकाहारी. त्यात जेवण झालं की लगेच चहा, आणि त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही हे मला आत्ता कळतंय! आता चहा तासाभराने घेते, पालेभाजीवर लिंबू पिळते. संध्याकाळचा चहा मात्र सुटत नाही. आणि बसमध्ये दीड तास जातो, वाटेत अडचण नको म्हणून सकाळपासून पाणी फार कमी पिते. तेही कारण असेल का?

कोणाला असा अनुभव आहे का? नुसत्या आहाराने फरक पडला की गोळ्या घ्याव्याच लागल्या? किती दिवसांत? ऑफिसच्या डब्यात काय नेता, तेही सांगा.