कांद्याच्या जिल्ह्यात बटाट्याचे लाड : तुमचा जमलेला, फसलेला, साधासुधा बटाटा सांगा

इंदिरानगरहून, धागा काढणारी

परवा बाहेर धो धो पाऊस आणि घरात भाजी म्हणून चार बटाटे. मुलाने विचारलं, "आज काय?" म्हटलं, "काचऱ्या." स्वारी म्हणाली, "म्हणजे बटाटाच ना, नाव बदलून?"

तेव्हापासून मनात आहे. आपण नाशिकवाले. लासलगाव आपलं, पिंपळगाव आपलं, कांद्याचा भाव जरा हलला की दिल्लीपर्यंत आपलं नाव निघतं. बटाटा बिचारा इंदूर नाहीतर आग्र्याहून ट्रकमध्ये बसून येतो, मार्केट यार्डात उतरतो आणि घराघरांत गरीब भाडेकरूसारखा राहतो. कोपऱ्यातल्या टोपलीत पडून असतो, कुरकुर नाही. त्याच्याबद्दल कुणी चार शब्द बोलत नाही, म्हणून हा धागा.

अट एकच. तेल-मीठ सोडून पाच जिन्नस, फार तर सहा. पनीर, चीज, क्रीमवाल्यांनी आपली वेगळी चूल मांडावी. आणि फजिती आधी सांगा, कृती नंतर.

माझ्यापासून सुरुवात. लग्नानंतर पहिल्यांदा काचऱ्या केल्या, भरपूर ढवळल्या, वर झाकण, झाकणावर पाणी. सासूबाईंनी ताटात घेतल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "उपमा छान झालाय हं." मग त्यांनीच शिकवलं. साल ठेवायचं. पातळ चकत्या करून दोनदा पाण्यातून काढायच्या, पिठूळ पाणी गेलं की त्या एकमेकींच्या गळ्यात पडत नाहीत. लोखंडी कढई, तेल जरा सढळ हाताने, मोहरी, हिंग, हळद. झाकणावर पाणी ठेवलं की भाजी, नाही ठेवलं की काचऱ्या. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. तिखट गॅस बंद करता करता. आणि उलथनं हातात घेऊन उगाच उभं राहायचं नाही, तिकडे पाठ करून दुसरं काहीतरी करायचं.

नाशिकरोडकर

वडील इथल्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते. दिवसभर नोटांच्या सान्निध्यात, पण त्या काही घरी येत नसत. घरी यायचा तो पगार, आणि वीस तारखेनंतर बटाट्याचा रस्सा.

आईची रीत : तेलात ठेचलेला लसूण, काळा मसाला, बटाट्याच्या मोठ्या फोडी, वरून उकळतं पाणी. फोडी शिजल्या की दोन फोडी पळीने कढईच्या कडेला चिरडायच्या आणि चमचाभर येसूर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) पाण्यात कालवून सोडायचा. रश्श्याला अंग येतं. भाकरी कुस्करून खायची.

पाहुणा आला की आई एक तांब्या पाणी वाढवायची. एका रविवारी मामा सहकुटुंब आले. सहा तांबे. माझ्या धाकट्या भावाने वाटीत डोकावून सगळ्यांसमोर विचारलं, "आई, यात बटाटा आंघोळ करून गेला का?" मामा हसले, आई हसली नाही.

सिडकोतून, तीन पोरं एक कुकर

आमची फजिती ताजी आहे. मेसला सुट्टी होती. कुणीतरी सांगितलं बटाट्याचा आंबट-गोड रस्सा सोपा असतो. आम्ही काय केलं, टोमॅटो, चिंचेचा कोळ, गूळ, बटाटे, सगळं एकदम पातेल्यात. कुकरची शिट्टी हरवलेली, म्हणून पातेलं. पाऊण तास झाला तरी बटाटा कडक. गॅस संपत आला. रूममेट फोड चावून म्हणाला, "भो, हा बटाटा नाय, मुरूम हाये."

शेवटी त्या रश्श्यात पाव बुडवून खाल्ले आणि फोडी दुसऱ्या दिवशी तळल्या. कुणी सांगेल का काय चुकलं?

गंगापूर रोडवरून, निवृत्त मास्तर

मुलांनो, चूक क्रमाची आहे. आंबट पाण्यात बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, म्हणून फोड मऊ होत नाही. आधी साध्या पाण्यात बटाटा पुरता शिजवा, मग चिंच घाला. याचा उलटा फायदाही आहे. भाजीत फोडी अख्ख्या हव्या असतील, तर शिजत आल्या की लिंबू पिळा, मोडत नाहीत.

आणखी एक. बटाटे फ्रिजमध्ये ठेवत असाल तर काढा. थंडीत त्यातला स्टार्च साखरेत बदलू लागतो, मग तळताना काचऱ्या काळपट होतात आणि चव गोडसर. हिरवी झाक आलेला भाग मात्र जाड काढून टाका, बटाटाच हिरवा पडला असेल तर अख्खा फेका. तिथे काटकसर नको.

नाशिकरोडकर, खारट रश्श्यात कच्चा बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो असं सगळे सांगतात. तसं काही होत नाही, तो पाण्याबरोबर आपल्या वाटणीचं मीठ घेतो इतकंच. खारटपणा कमी होतो तो तुमच्या आईच्या तांब्याने.

सातपूर, माहेर पुण्याचं

सासर सटाण्याकडचं, घरात सासूबाई अहिराणी बोलतात. पहिल्याच आठवड्यात मी माझ्या आईच्या पद्धतीने पिवळी बटाट्याची भाजी केली : उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, कढीपत्ता, आणि सवयीने चिमूटभर साखर. चिमूट जरा मोठी झाली असेल, मान्य. सासूबाईंनी घास घेतला, थांबल्या आणि म्हणाल्या, "काय करी राहिनी व माय? भाजी शे का शिरा?"

संध्याकाळी त्यांनी स्वतः केली. बटाटे गॅसवर जाळी ठेवून सालासकट भाजले. (गावाला चुलीच्या राखेत पुरायच्या, त्याची चव वेगळीच, हे वाक्य दर वेळी ऐकायला मिळतं.) भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे खलबत्त्यात ठेचले, सोललेला बटाटा हातानेच कुस्करला, मूठभर कांद्याची पात, वरून कच्चं तेल. म्हणजे वांग्याच्या भरताचा सगळा थाट, फक्त नवरदेव बदललेला. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं माहेर आठवलं.

आता सोळा वर्षं झाली. पिवळ्या भाजीत मी अजून साखर घालते, त्यांची पाठ वळली की. त्या "आता जमाले लागी तुले" म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात.

पंचवटीतले आजोबा

तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी. माझ्या तरुणपणी आम्ही रविवारी रात्रीच त्र्यंबकला पोचायचो, कुशावर्तावर स्नान करून अनवाणी निघायचो. वीसेक किलोमीटर चाल, पाऊस, गुडघाभर चिखल. उपास असल्यामुळे शिदोरी ठरलेली : सालासकट उकडलेले बटाटे आणि पुडीत मीठ-तिखट.

एका वर्षी उतारावर पाय घसरला आणि मी थेट शिदोरीवर बसलो. उठलो तेव्हा भाजी तयार होती, फक्त फोडणी राहिली होती. मित्रांनी हर हर महादेव म्हणून तिथेच खाल्ली, मला काही उरलं नाही.

घरी आईने त्याच दिवशी नीट करून घातली. साजूक तुपात जिरं, हिरवी मिरचीचे तुकडे, बटाटा, दाण्याचा कूट. मीठ. कूट शेवटी आणि बेताने, नाहीतर तळाला लागतो. हळद नाही. मोहरी नाही. कोथिंबीर आमच्या घरी चालते.

द्वारका चौफुलीजवळून

आजोबा, कोथिंबीर आमच्याकडे चालत नाही. चालत असती तर माझं निम्मं बालपण सुखात गेलं असतं.

नाशिकरोडकर, पुन्हा

उपासाचं निघालंच आहे तर एक गंमत. बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी मंडळी मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आले आणि बटाटा हा शब्दही त्यांच्याकडूनच आला. म्हणजे एवढ्या लांबून बोटीने आलेली पाचही जणं उपासाच्या ताटात मानाने बसलेली, आणि निफाडच्या शेतात वाढलेला आपला कांदा दाराबाहेर. बिचाऱ्याला रडू येणार नाही तर काय.

कॉलेज रोडवरून, गच्चीवाली

मला वाळवण सांगायचंय. जरा लांबेल.

मार्चअखेर दहा किलो बटाटे आणले. नवऱ्याने विचारलं, "दुकान टाकतेस?" त्याला सांगितलं, बटाट्यात पाचातले चार भाग पाणीच असतं, दहा किलोचे वाळून दोन किलो होणार. तो म्हणाला, "मग आठ किलो पाण्याचे पैसे कशाला दिले?" याला काय उत्तर देणार.

निम्म्यांचे वेफर्स. सोलून पातळ काप, तीन-चार पाण्यांतून धुवायचे, तुरटी फिरवलेल्या पाण्यात थोडा वेळ, मग मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात अर्धवट शिजवायचे. काप वाकला पाहिजे, तुटला नाही पाहिजे. निम्म्यांचा कीस : बटाटे जरा कमीच उकडायचे, जास्त झाले की लगदा. गार झाले की गच्चीवर जुन्या नऊवारीवर थेट किसणी धरून किसायचं, बोटांनी मोकळं करायचं नाही, पडेल तसं पडू द्यायचं.

राखणीला नवरा, हातात काठी, डोक्यावर टोपी, शेजारी वर्तमानपत्र. वीस मिनिटांत घोरत होता. कावळे आलेच नाहीत. आले ते दुसऱ्या मजल्यावरचे चार पोरं. अर्धवट वाळलेला कीस, चामट आणि खारट, त्याची मजा ज्याने खाल्ली त्यालाच कळते. साडीचा काठ जिथून सुरू होतो तिथपर्यंत त्यांनी साफ केलं. मी ओरडणार होते, पण आमच्या लहानपणी जुन्या नाशकातल्या वाड्यात मीही तेच केलं होतं, त्यामुळे आवाज चढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी. द्राक्षवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं त्या पावसात माझ्या वेफर्सचं दुःख कुणाला सांगू? धावत सगळं खाली आणलं. दोन रात्री वेफर्स पलंगावर पंख्याखाली आणि आम्ही दोघं चटईवर. उरलेला कीस आषाढी एकादशीला तळला, त्यात तळलेले दाणे, मीठ, पिठीसाखर, जिरेपूड. डबा एका दिवसात संपला. नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी वीस किलो आण." राखण कोण करणार ते बोलला नाही.

देवळाली कॅम्प

घरी उलटा वडापाव करून पाहिला. पावात भाजी भरली, पिठात बुडवला, तेलात सोडला. तेलात तो सुलट झाला. बस एवढंच सांगायचं होतं.

सिडकोतून, तीन पोरं एक कुकर

मास्तरांचे आभार. ताईंच्या काचऱ्या आज लावल्या. साल ठेवलं, दोनदा धुतलं, मीठ शेवटी. मग रूममेटने फोन बघता बघता झाकण ठेवलं आणि झाकणावर पाणी. वर अर्धा तास विसरला.

"भो, या टायमाला मुरूम नाय," म्हणाला, "चिखल हाये."

पावाला लावून खाल्ला. शिट्टी सापडली आहे, फ्रिजमध्ये होती. बटाट्यांच्या पिशवीत.