ग्लोव्ह बॉक्स उघडेना, आरसी बुक आत अडकलंय

घाटावरची_मुक्ता:
नमस्कार मंडळी. बाबांची 2006 ची हॅचबॅक आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे "ही गाडी घेतलीतच कशाला" इथूनच सुरुवात कराल. तर ग्लोव्ह बॉक्स चार दिवस झाले उघडतच नाहीये. खटका ओढला की अर्धा येतो आणि मग दगडासारखा अडतो, जोर लावला की प्लास्टिक कुरकुरतं म्हणून सोडून दिलं. आत आरसी बुक आहे आणि बाकी बाबांनी वीस वर्षांत काय काय कोंबलंय देवाला ठाऊक. पुढच्या आठवड्यात आरटीओत पासिंगला न्यायचीय (15 वर्षं 2021 ला झाली तेव्हा पुढची 5 वर्षं मिळाली होती, ती आता संपतायत) त्यामुळे घाई. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला "डॅश खोलावा लागेल ताई", आकडा ऐकून बाबा तसेच घरी आले. धाकटा भाऊ स्क्रूड्रायव्हर घेऊन टपलाय, त्याला कसंबसं थांबवलंय.

खटपट्या:
भावाला थांबवलंत ते फार बरं केलंत, फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला गेलात की आधी झाकणाची कड पांढरी पडते मग तडकते, आणि जुन्या गाडीचं त्याच रंगाचं झाकण परत मिळणं म्हणजे दिव्य.

खटका अर्धा येऊन अडतो ही चांगली खूण आहे. खटका लुळा पडला असता, म्हणजे काही अडकल्यासारखं न वाटता नुसता हातात आला असता, तर आतली कांडी सुटली किंवा तुटली असं समजायचं. तुमचा अडतोय म्हणजे खटका आणि हूक एकमेकांना जोडलेले आहेत, फक्त हुकावर ताण आलाय. आतलं सामान झाकणाला बाहेर ढकलतंय, त्यामुळे हूक वरच्या कडीत दाबून बसलाय. अशा वेळी आपण सगळे उलटं करतो, अजून ओढतो, आणि तो अजून घट्ट बसतो.

तर ओढायचं नाही, ढकलायचं. एका माणसाने दोन्ही तळहातांनी झाकणाची वरची कड आत, इंजिनच्या बाजूला, दाबून धरायची आणि झाकण किंचित वर उचलायचं (बिजागरी झिजली की झाकण खाली बसतं), आणि दुसऱ्याने त्याच क्षणी खटका ओढायचा. एकट्याने होत नाही, मी गुडघ्याने दाबायचा प्रयत्न केलाय, गुडघाच गेला. आणि दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत करू नका, प्लास्टिक फुगलेलं असतं, सकाळी करा.

हॉर्न_ओके:
आमच्या मामांची पद्धत, एक शिवी आणि एक चापट. दहापैकी सहा वेळा उघडतो.

खटपट्या:
@हॉर्न_ओके हसू नका लोकहो, चापटीने हूक एक क्षण सैल होतो म्हणूनच उघडतो. शिवी ऐच्छिक.

कल्याणचा_सारथी:
वरचं करून नाही उघडला तर खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारा, बऱ्याच जुन्या गाड्यांत बिजागरीचे दोन स्क्रू नाहीतर पिना पायाकडून दिसतात, त्या काढल्या की झाकण खालून सुटतं आणि हात आत जातो. डॅश खोलायची गरज नसते, असं मी तरी माझ्या गाडीत केलंय. काही गाड्यांत एक हूक नसून दोन्ही बाजूंना दांडे असतात, त्यात एक कोपरा हलतो आणि दुसरा घट्ट राहतो, तुमचं तसं आहे का? आणि त्या बाजूला एअरबॅग असेल तर वरच्या भागात काही ठोकाठोकी नको, चापट पण नको.

दुरुस्तीला पार्ट लागला तर नवा शोधत बसू नका, मुंबईत असाल तर कुर्ल्याला सीएसटी रोड, पुण्यात असाल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार. जुना तुकडा सोबत न्या, तोंडी वर्णन करून कधीच बरोबर पार्ट मिळत नाही.

आवळा_सुपारी:
तोपर्यंत पोलिसांनी अडवलं तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन मधलं आरसी दाखवा, चालतं. आणि उघडल्यावर खटक्यावर खोबरेल तेल सोडू नका, आमच्याकडे सासऱ्यांनी सोडलं होतं, सहा महिन्यांत धूळ बसून चिक्की झाली. प्लास्टिकला सिलिकॉन स्प्रे बरा. किल्लीचं कुलूप असेल तर त्यात तेल नकोच, पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकायची.

घाटावरची_मुक्ता:
उघडला!!! एक कोपरा नाही, दोन्ही सारखेच घट्ट होते. आज सकाळी सात वाजता भाऊ दाबायला, मी खटक्यावर, बाबा बाहेरून "हळू, हळू" ओरडायला. पहिल्या दोन वेळा काहीच नाही, तिसऱ्या वेळी भावाने दाबताना जरा वर उचललं आणि खट्ट करून अख्खं झाकण माझ्या मांडीवर.

आतून काय निघालं विचारू नका. पीयूसीच्या 2009 पासूनच्या पावत्या रबर लावून, दोन चष्म्याची घरं, तुळजापूरचा अंगारा, एक पाना, आणि आईची सात वर्षांपूर्वी हरवलेली अडकित्त्याची पिशवी, जिच्यावरून आमच्या कामवाल्या मावशींवर संशय घेतला गेला होता. त्या पिशवीची नाडी हुकात गुंडाळली गेली होती, म्हणून खटका अर्ध्यावर अडत होता. वरची यू सारखी कडी पण थोडी वाकलीय, भावाने दोन स्क्रू सैल करून ती दोनेक मिलिमीटर खाली घेतली, आता बोटाने उघडतोय.

खटक्याचं एक कान तडकलंय. फेवीक्विक लावू का?

खटपट्या:
प्लास्टिक कुठलं त्यावर आहे. पॉलिप्रॉपिलीन (पीपी) असेल तर फेवीक्विक धरणार नाही, मागे पीपी लिहिलंय का बघा. एबीएस (ब्रेकवालं नाही, प्लास्टिकचाच दुसरा प्रकार) असेल तर तडा पुसून एक थेंब, वर चिमूटभर खायचा सोडा, लगेच दगड होतो. सोडा जास्त झाला तर कानशीने घासा. झाकण लावायच्या आधी पूर्ण वाळू द्या, नाहीतर परत आरसी आत.

घाटावरची_मुक्ता:
एबीएस आहे. सोडा लावलाय, वाळतोय. आरसी बुक माझ्या पर्समध्ये. आई अडकित्त्याची पिशवी घेऊन मावशींकडे गेलीय, अजून आली नाही.