मदत हवीये: एसियनच्या कुठल्या मॅच बघू?

मंडळी, धाकट्या भावाला फुटबॉलमधलं डिफेन्सिव्ह मिडफिल्ड (डिफेन्सच्या पुढे राहून बचाव सांभाळणं) नीट शिकायचंय म्हणून त्याला घानाच्या मायकल एसियनच्या जुन्या मॅच दाखवायला बसलो आणि आता माझाच गोंधळ उडालाय. २००५ ला फ्रान्सच्या ल्यों क्लबहून इंग्लंडच्या चेल्सीत आला तेव्हा मागे बचाव सांभाळायला मॅकेलेले होताच, त्यामुळे हा वर पळायला मोकळा. २००९ ची चॅम्पियन्स लीगमधली बार्सिलोनाविरुद्धची सेमीफायनल लावली, नवव्या मिनिटाला बॉक्सबाहेरून डाव्या पायाची व्हॉली, बॉल क्रॉसबारला आपटून आत (भावाने चार वेळा मागे नेऊन बघितलं) आणि शेवटी बार्सिलोनाच्या इनिएस्ताच्या गोलआधी क्लिअरन्स पण ह्याचीच फसलेली! पुढे माद्रिदला लोनवर गेला तर कोच मोरिन्होने चक्क फुलबॅक (कडेचा डिफेंडर) खेळवलं. गुडघ्याने दगा दिला नसता तर २०१० चा वर्ल्ड कप तरी हुकला नसता, असो.

तर तो एकटाच डिफेन्सपुढे बसून खेळलाय अशा मॅच कुणी सांगेल का? बास्तिया (ल्योंआधीचा त्याचा क्लब) किंवा ल्योंच्या काळातल्या असतील तर फारच भारी. पूर्ण मॅचच हव्यात, हायलाइट्समध्ये नुसते गोल असतात, जागा कशी धरतो ते दिसतच नाही.