जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प दुरुस्त करत बसायचं, की छोटा क्लास-डी आणून मोकळं व्हायचं?

सरळरेघ

मुद्दा थेट मांडतो, वाद घालायला सगळे मोकळे. १९७०-८० च्या दशकांतला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, म्हणजे नॉब आणि पॉवर दोन्ही एकाच डब्यात असलेला, मग तो जपानी असो, १९७८ चा एनएडी ३०२० असो की आपल्याकडचा कॉस्मिक-सोनोडाइन, शोकेसमध्ये शोभतो. रोज चार तास वाजवायला घेऊ नये.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर '८५ अंश, २००० तास' असं छापलेलं असतं. तापमान दर १० अंश उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. डब्यात ४५ अंश धरा: चारदा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज चार तासांच्या हिशेबाने बावीस वर्षं. या यंत्रांची चाळिशी कधीच उलटलीय. आणि नागपुरात मे महिन्यात बंद कपाटात ठेवून आत ६५ अंश केलेत, तर ८,००० तासच, साडेपाच वर्षं. वर रिले (स्पीकर आपोआप जोडणारा स्विच) काळा पडलेला, पॉट (आवाजाच्या नॉबमागचा भाग) खरखरणारा. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

त्यापेक्षा टीपीए ३२५५ चिपचा तळहाताएवढा क्लास-डी डबा (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा, म्हणून कमी तापणारा) आणि ४८ व्होल्टचा अडॅप्टर आणा. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. विषय संपला.

पितळीनॉब

कपॅसिटरचं गणित बरोबर, निष्कर्ष चुकीचा. कपॅसिटर जुना झाला म्हणजे अ‍ॅम्प मेला असं नाही, टायर झिजले म्हणून कोणी गाडी भंगारात काढत नाही. १०५ अंशांचा कपॅसिटर टाका, तुमच्याच ४५ अंशांना तुमच्याच हिशेबाने तो सहादा दुप्पट होतो.

जुना अ‍ॅम्प हातात आला की क्रम असा ठेवा.

थेट प्लगमध्ये घालू नका. आधी सिरीज बोर्ड, म्हणजे फेजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही. चालू करताच बल्ब भपकन पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा ब्रिज रेक्टिफायर.

मग प्लग काढून मोठे फिल्टर कपॅसिटर रिकामे करा. १०,००० मायक्रोफॅरडवर १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर पाच-सात सेकंद धरला की पुरे. रेझिस्टरच्या पायांना बोट लागू देऊ नका आणि शेवटी मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे मेकॅनिक असतात, त्यांच्याकडे अ‍ॅम्प देऊ नका.

आता नुसतं बघा. कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी चिकट काही दिसलं तर ते गळलेलं द्रावण असेलच असं नाही. त्या काळच्या अनेक जपानी बोर्डांवर कपॅसिटर हलू नये म्हणून पिवळट गोंद लावत. तो वर्षांनी तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खातो. लाकडी काडीने खरवडून काढा, खाल्लेले पाय बदला.

नंतर बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला थोडा करंट. आवाज शून्य, स्पीकर काढलेले, वीस मिनिटं तापू द्या. एमिटर रेझिस्टर (आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर पायाला जोडलेला) ०.२२ ओहमचा असेल आणि त्यावर १० मिलिव्होल्ट दिसले तर ४५ मिलिअँप वाहतायत. बहुतेक घरगुती एबी (क्लास-डीच्या आधीच्या, जास्त तापणाऱ्या पद्धतीच्या) अ‍ॅम्पना तेवढं ठीक, तरी त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. बायस ठरवणारा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) पन्नास वर्षं जुना असतो. त्याचा सरकता टोक-संपर्क सुटला की बऱ्याच रचनांमध्ये बायस धावत सुटतो आणि आउटपुट जळतं. म्हणून फिरवायच्या आधी बदला, आणि नवा प्रीसेट सगळ्यात कमी बायसच्या टोकाला ठेवून सुरुवात करा.

शेवटी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निवांत, १०० च्या वर असेल तर स्पीकर लावायचे नाहीत.

हे सगळं मिळून एक रविवार जातो. कोंबडीपेक्षा मसाला महाग पडत नाही.

सरळरेघ

रविवार त्याचा जातो ज्याला मीटर कुठे टेकवायचा ते कळतं. आणि सुटे भाग? २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही आउटपुटची जोडी बाजारात जितकी नकली मिळते तितकं दुसरं क्वचितच. आतली सिलिकॉनची चकती छोटी असते. मीटरवर माल पास होतो आणि पूर्ण व्होल्टेजवर लोड आला की फुटतो. जुन्या एसटीके मॉड्यूलवाल्या (सगळं आउटपुट एकाच ठोकळ्यात असलेल्या) अ‍ॅम्पची गत आणखी वाईट, मूळ माल बंद पडलाय आणि 'नवा' म्हणून जे मिळतं ते कुठून आलं देव जाणे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली, दोन्हीकडे विचारून पाहा.

पितळीनॉब

एसटीकेवाला घेऊ नये, एकदम मान्य. बाकी ट्रान्झिस्टर अधिकृत वितरकाकडून घ्यावेत, पाकीटबंद. पण खरी अडचण नकलीची नाही, 'चालून जाईल' या वृत्तीची आहे. २एन३०५५ च्या काळातल्या संथ सर्किटमध्ये ३० मेगाहर्ट्झचा आधुनिक ट्रान्झिस्टर ठोकला की कधी कधी अ‍ॅम्प कानाला ऐकू न येणारं दोलन (आपोआप सुरू झालेली अतिउच्च कंपनं) सुरू करतो. खूण सांगतो: आउटपुटपाशी १० ओहमचा एक रेझिस्टर ०.१ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरसोबत आडवा बसलेला असतो. त्याचे रंगाचे पट्टे करपून सगळे एकसारखे चॉकलेटी झाले असतील तर समजा, आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी असं काही करून ठेवलंय.

बसवताना अभ्रकाचा तुकडा आणि ताजी हीटसिंक पेस्ट. जुनी पेस्ट खडूसारखी भुरभुरते, ती पूर्ण पुसा. स्क्रू आवळल्यावर कलेक्टर ते हीटसिंक मीटर लावा, पीं वाजलं तर वीज देऊ नका.

सिरीजबल्ब

दोघेही ट्रान्सफॉर्मरबद्दल गप्प आहेत आणि आपल्याकडे जपानी अ‍ॅम्प मरतात ते तिथेच.

जपानच्या घरगुती बाजारातला अ‍ॅम्प १०० व्होल्टचा. ५० हर्ट्झची काळजी नको, पूर्व जपानात तीच वारंवारता आहे. काळजी व्होल्टची. दुकानात 'जपानी-अमेरिकन एकच' म्हणून ११० चा स्टेप-डाउन हातात देतात. आपली लाइन २३० अधिक-उणे १० टक्के, म्हणजे २५३ पर्यंत कायदेशीरच. रात्री २४५ असली तर त्या ११० चे ११७ होतात. १०० च्या यंत्रावर सतरा टक्के जास्त. आतली रेल (आउटपुटला मिळणारा डीसी पुरवठा) ४५ व्होल्टची असेल तर ती ५२.७ वर जाते आणि तिथे कपॅसिटर बसलेला असतो ५० व्होल्टचा. मग तो फुगला की लोक म्हणतात, जुना माल.

२३० ते १०० असाच सांगून घ्या. मागच्या पट्टीवर २०० वॅट लिहिलं असेल तर ५०० व्हीए (ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) घ्या. लहान ट्रान्सफॉर्मर खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला वाकतो. ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त असतो पण त्यात मेन्सपासून विलगता नसते, दोन वाइंडिंगचा बरा. पाठीमागे व्होल्टेज सिलेक्टर असलेलं मॉडेल मिळालं तर ही कटकटच नाही.

आणि फ्यूज उडाला की त्यावर तांब्याची तार गुंडाळणाऱ्यांनो, त्यानंतर जळायचा नंबर ट्रान्सफॉर्मरचा असतो. तो गेला की रिवाइंडिंगशिवाय मार्ग नाही.

सरळरेघ

पाहा, माझंच म्हणणं झालं. एक अ‍ॅम्प चालवायला पाच किलोचा दुसरा ट्रान्सफॉर्मर, तोही स्वतः गुणगुणणारा. क्लास-डीचा अडॅप्टर १०० ते २४० काहीही खातो.

मंद्रसप्तक

खातो खरा, पण देतो किती? टीपीए ३२५५ च्या डब्यावर '६०० वॅट' छापतात. सोबतचा अडॅप्टर ४८ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅट. २४० आत गेले तर ६०० बाहेर कुठून येणार? ९० टक्के धरून दोन्ही चॅनल मिळून २१६, सलग. चिपच्या कागदावरचे चॅनलला ३१५ वॅटसुद्धा ४ ओहमवर आणि १० टक्के विकृतीला. ३२ व्होल्टचा अडॅप्टर दिला असेल तर ८ ओहमवर ६४ च्या वर गणितच जात नाही.

तरी हे भांडणच मुळात फुकटचं. ८६ डीबीचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ देतो. २० वॅटला ९९. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात, म्हणून २० चे १०० केले तरी ७. दहा बाय बाराच्या खोलीत एनएडी ३०२० चे कागदावरचे २० वॅट शेजाऱ्याला बेल वाजवायला लावतात.

घरी अ‍ॅम्प ऐकला जातो तो रात्री दहानंतर, हळू. तिथे जुन्या यंत्राचा लाउडनेस स्विच कामाला येतो. आवाज कमी केला की कानाला खालच्या पट्ट्या जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा गायब. लाउडनेस तेवढाच उचलून देतो. बहुतेक छोट्या क्लास-डी डब्यांवर तो नाही, काहींवर तर बास-ट्रेबलही नाही. फोनोचंही, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटचंही तेच. सुईच्या काडतुसातून (कार्ट्रिज) ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात, त्यांना ४७ किलोओहमचा लोड, साधारण ४० डीबीची वाढ आणि आरआयएएचं वळण (रेकॉर्ड कापताना बदललेला खर्ज-ट्रेबल पूर्ववत करणारं) लागतं. जुन्यात ते आत बसलेलं असतं. नव्यात वेगळा डबा, वेगळा अडॅप्टर, वेगळी गुणगुण.

सरळरेघ

६०० वॅटची जाहिरात खोटी, कबूल. लाउडनेसही कबूल, जरी तो फोनच्या इक्वलायझरवर करता येतो. पण जुन्या बोर्डाचा फोनो स्वच्छ असतो हे मात्र आपण गृहीत धरताय. सुरुवातीचे कपॅसिटर गळके असले की त्यातूनच फस्‌स आवाज येतो.

मंद्रसप्तक

फोनवरचा इक्वलायझर रेकॉर्डला कसा लावणार?

आणि नवा घेणाऱ्यांना एक इशारा, कारण यात नुकसान होतं. या चिपचे डबे ब्रिज पद्धतीचे असतात. स्पीकरचं काळं टर्मिनल जमीन नसतं, तेही तितकंच जिवंत असतं. जुन्या अ‍ॅम्पच्या सवयीने डाव्या-उजव्याच्या दोन काळ्या तारा एकत्र केल्या, किंवा सामाईक ग्राउंडचा स्विच-बॉक्स लावला, की अ‍ॅम्प संरक्षणात जातो. नशीब वाईट असेल तर चिप जाते. दुसरं, आउटपुट फिल्टरच्या नंतरून फीडबॅक (बाहेर पडलेला सिग्नल परत तपासून केलेली दुरुस्ती) घेतलेला नसेल तर ४ आणि ८ ओहमच्या स्पीकरवर वरचा ट्रेबल वेगवेगळा वाजतो. घेताना हे विचारा, वॅट नंतर विचारा.

नवखा२

मध्येच विचारतो. जुन्या अ‍ॅम्पचा उजवा चॅनल हळू आवाजात नाहीसा होतो, नॉब झटकन वर नेला की परत येतो. आउटपुट गेलंय का?

पितळीनॉब

नाही, हा स्पीकर रिलेचा ठरलेला आजार. चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी 'टक्' होतं ना, तोच. संपर्कावर काळा थर बसतो, थोडं व्होल्टेज तो अडवतो आणि जास्त आलं की भेदलं जातं. आधी इनपुटच्या तारा अदलाबदल करा. दोष त्याच बाजूला राहिला आणि स्पीकरच्या तारा ठीक असतील तर अ‍ॅम्पच. मागे प्री-आउट ते मेन-इन (आतले नॉबचे आणि पॉवरचे भाग जोडणाऱ्या) अशा यू आकाराच्या पट्ट्या असतील तर त्या काढून चकचकीत पुसा. कित्येकदा तेवढ्यानेच भागतं. स्पीकर ए-बी स्विच वीस-तीस वेळा पुढेमागे करा. तरीही तसंच असेल तर रिले बदला: कॉइलचं व्होल्टेज (बहुधा २४) आणि पायांची मांडणी जुळवून. संपर्कांवर पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा निघतो आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. खरखरणाऱ्या पॉटला गंज सोडवायचा स्प्रे नको. पॉटसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर, दोन फवारे, आणि नॉब टोकापासून टोकापर्यंत पन्नास वेळा.

सिरीजबल्ब

घुंई असा आवाज असेल तर आधी तो कुठला ते ओळखा. १०० हर्ट्झची रखरखीत घरघर, नॉब शून्यावरही तीच: फिल्टर कपॅसिटर. ५० हर्ट्झची गोल गुणगुण, केबल टीव्ही किंवा डिशची तार काढली की गप्प: अर्थिंगचं वर्तुळ (दोन यंत्रं अर्थला दोन वाटांनी जोडली गेलेली). ते नव्यालाही होतं, त्यामुळे अ‍ॅम्प बदलून जात नाही.

खाडीकाठ

रत्नागिरी-मालवणकडच्या हवेत हा सगळा वाद निम्मा होतो. खारी दमट हवा चांदीचा मुलामा असलेले स्विच काळे करते, तांब्याच्या टोकांवर हिरवं चढतं. पावसाळ्यात रोज अर्धा तास अ‍ॅम्प चालू ठेवला तर आतली ओल निघते. जुन्या एबीची तीस-चाळीस वॅटची ऊब, जिला सरळरेघ नावं ठेवतायत, ती इथे औषध आहे. क्लास-डीचा थंड डबा ओल धरून बसतो.

मात्र हीच ऊब पालीला बोलावते. वरच्या जाळीतून ती आत शिरते आणि मेन्सच्या फ्यूज-होल्डरवर आडवी होते, फ्यूज उडतो, कधी बोर्डही करपतो. वरून कापड टाकू नका, हीटसिंक गुदमरतं. खिडकीला लावतात ती अ‍ॅल्युमिनियमची बारीक जाळी झाकणाच्या आतून, स्क्रूखाली दाबून बसवा. ती बोर्डापासून किमान बोटभर लांब हवी आणि कुठल्याही तारेला टेकता कामा नये. वर चार इंच मोकळी जागा.

सरळरेघ

जाळीने हवा कमी होते, मग पुन्हा तेच ४५ चे ५५ अंश.

खाडीकाठ

बारीक जाळी धुळीने बुजली की होते. महिन्यातून एकदा रंगाच्या ब्रशने झटका. पालीने केलेला शॉर्ट झटकून जात नाही.