मदत हवी आहे: आई-बाबांसोबत कोलंबिया रिव्हर गॉर्ज

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या पोर्टलंडला जातोय, त्यातला एक दिवस गॉर्जसाठी, म्हणजे कोलंबिया नदीच्या खोल दरीसाठी ठेवलाय. हिमयुगाच्या शेवटी मिझुला सरोवराचा बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा फुटला आणि त्या महापुरांनी ही दरी खरवडून कडे उभे कापले. म्हणून तर इतके धबधबे थेट कड्यावरून कोसळतात. बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यांना हे डोळ्यांनी बघायचंय. आईला फक्त ६२० फुटांचा मल्टनोमा धबधबा आणि बसायला बाक.

अडचण आईच्या गुडघ्यांची. धबधब्यासमोरच्या बेन्सन पादचारी पुलापर्यंतची चढण तिला झेपेल, की खालूनच बघावा? उन्हाळ्यात पार्किंगला वेळ ठरवून परमिट काढावं लागतं म्हणे. त्यापेक्षा बस बरी का? आणि १९२२ साली पूर्ण झालेल्या जुन्या, वळणावळणाच्या हायवेने जावं की सरळ फ्रीवेने? आईला गाडी लागते, पण क्राउन पॉइंट या कड्यावरचं १९१८चं व्हिस्टा हाउस (दरी बघायची इमारत) चुकवायचं नाहीये. पुराच्या खुणा तिथून नीट कळतात, की अजून कुठली जागा आहे? बाबांच्या प्रश्नांना मी एकटा पुरा पडणार नाही!