गोबरगॅसमध्ये पनीरची निवळी टाकल्यापासून शेगडी पेटेना – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फलटणजवळ आमचा म्हशींचा गोठा आहे, जोडीला पनीरचा छोटा धंदा. रोज 300 लिटर दूध फाडतो, त्यातून 240-250 लिटर निवळी उरते. ती आधी ओढ्याला जायची. खालच्या वस्तीवरून वासाच्या तक्रारी आल्या, आणि त्या खऱ्याच होत्या.

परसात 6 घनमीटरचा दीनबंधू प्लँट (बंद घुमटाचा गोबरगॅस) आहे. दीडशे किलो शेण नि तेवढंच पाणी, यावर वर्षानुवर्षं सुरळीत चाललेला. पाण्याऐवजी निवळीच कालवू म्हटलं आणि सगळी निवळी इनलेटला जाऊ लागली. सुरुवातीला गॅस एवढा वाढला की दोन्ही शेगड्या चालवूनही उरायचा. आता काडी लावली की ज्योत बर्नरवरून उचलते आणि विझते. दाब तर आहे, आउटलेटला स्लरीही चढते. पण स्लरीला आंबट वास येतोय आणि वर पांढरट, चिकट साय धरलीय. सासरे म्हणतात चुना टाका, शेजारी म्हणतात टाकी उपसा. काय करू? आणि निवळी किती टाकलेली चालते?

प्रतिसाद 1

ताई, उपसू नका! प्लँट आंबलाय. निवळीत साडेचार-पाच टक्के दुधाची साखर असते, तिचं आम्ल झटपट होतं. त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करणारे जिवाणू मात्र संथ, आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेसहाच्या खाली गेला की ते काम सोडतात. मग डोममध्ये नुसता कार्बन डायऑक्साइड भरतो. दाब आहे पण जळत नाही, ते यामुळेच.

निवळी आजच बंद करा, शेण-पाणीही निम्म्यावर आणा. शेजारी चालू प्लँट असेल तर त्याची ताजी स्लरी चार-पाच बादल्या आणून ओता, हे विरजण सगळ्यात कामाचं. चुना एकदम नको: तो कार्बन डायऑक्साइड शोषतो, बंद डोममध्ये दाब उलटा होऊ शकतो आणि तळाशी गाळ बसतो. खायचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा द्या. पीएचचे कागद केमिस्टकडे किंवा लॅबच्या दुकानात मिळतात. आणि आत डोकावायला कुणालाही उतरू देऊ नका, तो वायू माणूस मारतो.

प्रतिसाद 2

निवळी गरम गरम ओतता का? दूध फाडल्यावर ती सत्तर अंशांच्या पुढे असते. आधी गार होऊ द्या. साय म्हणताय ती दुधाची चरबी, जाड कपड्यातून गाळून घेतली की निम्मा त्रास वाचतो. कॅन आणि कढया धुतलेलं कॉस्टिकचं, ब्लिचिंगचं पाणी तर प्लँटमध्ये अजिबात नको.

मूळ लेखिका

दादा, गरमच जात होती, सोयीचं पडायचं म्हणून. धुण्याचं पाणी वेगळं जातं. कागद आणला, पीएच साडेपाचच्या आसपास दिसतोय. म्हणजे पनीरचं पाणी प्लँटला चालतच नाही का?

प्रतिसाद 1

चालतं, उत्तम चालतं. निवळीचा सीओडी (तिच्यातल्या सेंद्रिय मालाचं माप) लिटरला 50-80 ग्रॅम असतो, आणि किलोभर सीओडी पचला की 0.35 घनमीटर मिथेन. हिशेब मांडला तर शंभर लिटर निवळी शंभर किलो शेणाच्या जवळपास गॅस देते. फक्त तिच्यात आम्ल झेलायची ताकद नाही, ती शेणात असते. पीएच सातच्या जवळ येऊन ज्योत निळी झाली की रोज दहा-पंधरा लिटरपासून सुरू करा, आठवड्याने थोडी वाढवा. वास आंबट झाला की तिथेच थांबा. माझ्या मते तुमच्या शेणाला पन्नास-साठ लिटर बास, सगळी 250 लिटर मुरायची तर मोठी टाकी लागेल.

प्रतिसाद 2

उरलेलीतली थोडी आंबवून ठेवा, दुसऱ्या दिवशी तिनेच दूध फाडता येतं, सायट्रिक ॲसिडचा खर्च वाचतो. ताजी, गार निवळी म्हशींनाही थोडी थोडी देता येते. एकदम पाजलीत तर पोट बिघडेल.